गेटपुरतं हेल्मेट

कामासाठी महिन्यातून दोनेकदा चाकणला जावं लागतं. काम तसं आमचंच, सॉफ्टवेअरचं, पण ते चालतं कारखान्यात, त्यामुळे अधूनमधून तिथे तोंड दाखवावं लागतं. तिथे एक गंमत बघायला मिळते. दुपारची शिफ्ट भरायच्या वेळेला महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुठेही एखाद्या मोठ्या कंपनीच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर दहा मिनिटं उभे राहा. बाईक येते. हेल्मेट कोपरात अडकवलेलं, नाहीतर आरशावर, नाहीतर टाकीवर. गेट शंभरएक मीटरवर आलं की बाईक बाजूला थांबते, हेल्मेट कोपरातून डोक्यावर चढतं, पट्टा लागतो आणि स्वारी शिस्तीत आत जाते. हेल्मेट नसेल तर सिक्युरिटीवाला आत सोडत नाही, मग हजेरी लागत नाही. सुटणाऱ्या शिफ्टचं उलटं. गेटबाहेर पडलं की पन्नास पावलांवर हेल्मेट परत कोपरात!

म्हणजे कंपनीच्या आतल्या रस्त्यावर, जिथे वेग वीसच्या वर न्यायची परवानगी नाही, तिथे हेल्मेट. आणि बाहेर पुणे-नाशिक हायवेवर, जिथे एका बाजूला कंटेनर आणि दुसऱ्या बाजूला सहा सीटर, तिथे उघडं डोकं.

हसू नका. मीही हेच करायचो. माझा मावसभाऊही हेच करायचा. आम्ही त्याला दादा म्हणतो. भोसरीत राहायचा, चाकणला नोकरी. निर्व्यसनी, अतिशय काटेकोर माणूस. कंपनीत सेफ्टीच्या स्पर्धेत बक्षीस मिळवलेला. काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मोशीच्या अलीकडे पुढच्या टेम्पोने अचानक ब्रेक मारला आणि दादा रस्त्यावर पडला. हेल्मेट कोपरात होतं. कोपराला खरचटलंसुद्धा नाही. डोक्याला मात्र असा मार लागला की नऊ महिने घरी होता. आता चालतो, बोलतो, कामालाही जातो, पण वास येत नाही. डोक्याच्या दुखापतीत असं होतं म्हणतात, नाकातून मेंदूकडे जाणारे बारीक धागे तुटतात. वहिनीने फोडणी दिली की तो आवाजावरून ओळखतो.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. गेटच्या आतला आणि बाहेरचा माणूस एकच ना? मग "आपल्या लोकांची मेंटॅलिटीच तशी" असं आपण म्हणतो तेव्हा नक्की कुठल्या माणसाबद्दल बोलतो?

आता थोडा इतिहास. आपण राहतो तो पट्टा सगळ्या देशाला गाड्या पुरवतो. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. त्याच दशकात आकुर्डीत बजाज आणि बजाज टेम्पो, पिंपरीत टेल्को असं करत जुन्या पुणे-मुंबई रस्त्याच्या दोन्ही बाजू भरत गेल्या. तेव्हा कामगार सायकलवर यायचे. १९७२ मध्ये चेतक आली आणि मध्यमवर्ग तिच्यासाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसला. ज्याच्या घरी चेतक होती त्याला आठवत असेल: पुढे उभा मुलगा, मागे बायको, तिच्या मांडीवर धाकटी, आणि सगळ्यांत मिळून शून्य हेल्मेट. गाडी मिळाली हेच भाग्य, डोक्याचा विचार कोण करतो!

डोक्याचा विचार तोवर दुसरीकडे सुरू झाला होता, आणि त्याची गोष्ट मोठी बोलकी आहे. १९३५ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये टी. ई. लॉरेन्स (तोच, 'लॉरेन्स ऑफ अरेबिया') मोटरसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे सर्जन होते. ते ह्या प्रश्नाच्या मागेच लागले. १९४१ मध्ये त्यांनी लष्करातल्या मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांवर लेख लिहिला, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश लष्कराने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. आता विचार करा, सर्वसामान्य ब्रिटिश माणसाला ते सक्तीचं कधी झालं? १९७३ मध्ये! म्हणजे पुरावा हातात असून बत्तीस वर्षं. लष्कराला मात्र त्याच वर्षात जमलं. का? कारण लष्कराला गेट असतं.

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमात हेल्मेट आलं (कायदा लागू झाला जुलै १९८९ मध्ये). म्हणजे नियम आता पस्तिशी ओलांडून गेलाय. ह्या काळात पुण्यात हेल्मेटसक्ती किती वेळा 'सुरू' झाली आणि किती वेळा गळून पडली हे मोजायचं तर वेगळी वही घालावी लागेल. अलीकडची मोठी खेप जानेवारी २०१९ ची. एक तारखेपासून पोलिसांनी जोरात कारवाई सुरू केली आणि पाठोपाठ सक्तीविरोधी मंडळींनी हेल्मेट न घालता दुचाकी रॅली काढली. मुद्दे सगळ्यांना पाठ आहेत. मान दुखते, केस गळतात, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, आणि सगळ्यात लाडका मुद्दा म्हणजे "शहरात गाडी तिशीच्या वर जातेच कुठे?"

ह्या शेवटच्या मुद्द्याचं गणित मी एकदा करून बघितलं. अकरावीच्या फिजिक्समधलंच आहे. बाईकवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असतं. गाडीचा वेग शून्य धरा. सिग्नलला उभे आहात, तोल गेला आणि आडवे झालात. निव्वळ दीड मीटरवरून पडलेलं डोकं डांबरावर ताशी एकोणीस-वीस किलोमीटरने आपटतं. गाडी उभी असताना! रस्ता काही दबत नाही, म्हणून कवटी दबते. हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा थर चुरडतो आणि डोकं थांबायला काही मिलिमीटर जास्त देतो. सगळी जादू त्या काही मिलिमीटरमध्ये आहे. वरचं चकचकीत कवच नुसतं सजावटीला नसतं, पण खरं काम आतला थर करतो.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली हेल्मेट न घातलेली ५०,०२९. त्यात चालवणारे ३५,६९२ आणि मागे बसलेले १४,३३७. हेल्मेट असतं तर हे सगळे वाचले असते असं नाही, पण बरेच वाचले असते.

कोणी म्हणेल दुचाकीचं सोडा, चारचाकीत तरी सगळं सुरक्षित होत चाललंय. ते खरंही आहे, आणि त्यातही आपल्या पट्ट्याचा मोठा वाटा आहे. २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला आणि तिथून पोलो बाहेर पडायला लागली. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप ह्या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या भिंतीवर आपटून बघितल्या. पाचही गाड्यांची एअरबॅग नसलेली मॉडेल्स मोठ्यांच्या सुरक्षेत शून्य तारे घेऊन आली, पोलोसकट. तीच पोलो एअरबॅग लावून आपटली तर चार तारे. कंपनीने विनाएअरबॅगचं मॉडेल बंद करून टाकलं. आता बघा, जेमतेम दहा वर्षांत चित्र किती पालटलं. ऑगस्ट २०२३ मध्ये आपली स्वतःची भारत एनकॅप जाहीर झाली. एआरएआयची क्रॅश टेस्टची लॅब चाकणलाच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये भारत एनकॅपचे पहिले निकाल आले ते टाटांच्या हॅरियर आणि सफारीचे, दोन्हींना पाच तारे, आणि दोन्ही गाड्या पिंपरी-चिंचवडमध्ये बनणाऱ्या. म्हणजे यंत्राचं म्हणाल तर यंत्र सुधारलं, आणि कल्पनेपेक्षा लवकर सुधारलं.

आणि माणूस?

४ सप्टेंबर २०२२. रविवार दुपार. अहमदाबाद-मुंबई हायवेवर पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री अपघातात गेले. गाडी मर्सिडीज जीएलसी, जी कंपनी भारतात आपल्या चाकणलाच जोडते. सुरक्षेत नाव काढावं अशी गाडी. पुढे बसलेले दोघं गंभीर जखमी झाले पण वाचले. मागे बसलेले दोघं गेले, आणि मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. मागच्या सीटवर बेल्ट लावायचा नियम तेव्हा नवा नव्हता. केंद्रीय मोटार वाहन नियमांत तो कित्येक वर्षं होता. पण खरं सांगा, तुमच्यापैकी किती जणांना सप्टेंबर २०२२ च्या आधी तो माहीत होता? मला नव्हता.

नंतर काही दिवस सगळे मागे बेल्ट लावायला लागले. सरकारने मागच्या सीटलाही बेल्टचा अलार्म सक्तीचा करायचं बोलून दाखवलं. आणि ह्याच चर्चेत एक वस्तू उजेडात आली, जी बघून मला हसावं की रडावं कळेना. बेल्टची नुसती जीभ. एक छोटी धातूची क्लिप, ती खाचेत खुपसली की गाडीला वाटतं बेल्ट लागला आणि अलार्म गप्प बसतो. चाकणच्या, जर्मनीच्या, जपानच्या इंजिनिअरांनी सेन्सर लावला, वायर ओढली, कोड लिहिला, टेस्ट केला, आणि यूजरने त्यावर चिमुकल्या क्लिपने मात केली. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन दुकानांना ह्या क्लिपा काढून टाकायला लावल्या. किती जाहिराती उतरवल्या माहितीये? १३,११८. म्हणजे हा कुणा एका विक्षिप्ताचा उद्योग नव्हता, रीतसर बाजारपेठ होती! :)

सॉफ्टवेअरवाल्यांना ह्यात नवीन काही वाटू नये. आपण पासवर्ड दर महिन्याला बदलायला लावतो आणि लोक तो मॉनिटरला चिकटवून ठेवतात. तसंच आहे हे.

तिसरं उदाहरण ट्रकचं. चाकण-तळेगावकडे येणारा दक्षिणेचा बराचसा माल कात्रज-देहूरोड बायपासवरून येतो, आणि त्या वाटेवर नवले पुलाचा उतार लागतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका अवजड वाहनाने चाळीसहून जास्त गाड्यांना ठोकरलं. पहिल्यांदा सगळे म्हणाले ब्रेक फेल. पुढे तपासात समोर आलं की ब्रेक ठीक होते, ड्रायव्हरने डिझेल वाचवायला उतारावर इंजिनच बंद केलं होतं. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. इंजिन बंद म्हणजे हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद. दर वेळी ब्रेक दाबला की टाकीतली हवा कमी होते आणि परत भरत नाही, वर पॉवर स्टिअरिंगही जड होतं. नुसतं न्यूट्रल टाकलं तर इंजिन गाडीला मागे ओढत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि पकडच सोडतात. मजा म्हणजे आजच्या इलेक्ट्रॉनिक डिझेल इंजिनात गिअरमध्ये राहून पाय उचलला की डिझेल जायचंच थांबतं. न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवण्यापुरतं ते लागतंच. म्हणजे न्यूट्रल टाकून जीव जातो आणि डिझेलही वाचत नाही.

मग ड्रायव्हर असं का करतो? वेडा आहे म्हणून? तर नाही. वाचलेलं डिझेल बऱ्याच ठिकाणी त्याची वरकमाई असते, किंवा जास्त लागलेलं त्याच्या पगारातून कापतात. त्या उतारावर त्याने शंभर वेळा इंजिन बंद केलं, शंभर वेळा चार पैसे सुटले आणि शंभर वेळा काही झालं नाही. अनुभव हा गुरू असतो म्हणतात ना, इथे तो चुकीचं शिकवणारा गुरू आहे. दादाचंही तेच. सात-आठ वर्षं रोज कोपरात हेल्मेट, आणि काही झालं नाही. तिसरीकडे बेल्ट, तेच.

ह्यावर आपला आवडता उपाय म्हणजे प्रबोधन आणि प्रशिक्षण. लोकांना नीट चालवायला शिकवा म्हणजे झालं. पण १९७४ मध्ये अमेरिकेत विल्यम्स आणि ओनील ह्या दोघांनी रेसिंगचं लायसन असलेल्या ड्रायव्हरांचे रोजच्या रस्त्यावरचे रेकॉर्ड तपासले. कौशल्यात ह्यांचा हात कोण धरणार? पण त्यांचे अपघात आणि दंड सामान्य ड्रायव्हरांपेक्षा जास्त निघाले. हात चांगला असणं आणि वागणं चांगलं असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाशिक फाट्याजवळच्या ट्रॅकवर आपण आठचा आकडा काढून दाखवतो, त्यात हात तपासला जातो. वागणं तिथे कुणी तपासू शकत नाही, कारण परीक्षा चालू असताना सगळेच सज्जन असतात.

आता परत गेटपाशी येऊ. कारखान्यांच्या दुनियेत हाच वाद आधी होऊन गेलाय. १९३१ मध्ये हाइनरिख नावाच्या अमेरिकन विमा कंपनीतल्या माणसाने पुस्तक लिहून सांगितलं की कारखान्यातले ८८ टक्के अपघात कामगारांच्या चुकीच्या वागण्याने होतात. ह्या वाक्याचा वर्षानुवर्षं अर्थ एकच घेतला गेला: कामगाराला समजवा, पोस्टर लावा, दंड करा. पण पत्रा दाबणाऱ्या प्रेसमध्ये बोटं तुटायची थांबली नाहीत. ती कमी झाली ती प्रेसला दोन बटणं बसवल्यावर. दोन्ही हातांनी दोन लांबची बटणं एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येतच नाही, त्यामुळे हात आत राहूच शकत नाही. जपानी शिंगो ह्यांनी १९६० च्या दशकात ह्या विचाराला नाव दिलं पोका-योके, आणि आज चाकणमधल्या आयटीआय झालेल्या पोरालाही तो शब्द माहीत असतो. चूक करूच नको असं सांगण्यापेक्षा चूक करता येऊच नये अशी सोय.

पण (हा 'पण' महत्त्वाचा आहे) भोसरी-चाकणच्या छोट्या वर्कशॉपमध्ये बोटं आजही जातात. कारण तिथे एक बटण पाचर मारून कायमचं दाबून ठेवलेलं असतं. नगावर पैसे आणि तासाला अमुक नग काढायचेच, मग दुसऱ्या हाताने माल भरता येतो. ती पाचर आणि ती बेल्टची क्लिप सख्ख्या बहिणी आहेत. घाईत असलेल्या माणसाच्या वाटेत सोय आडवी आली की तो सोयीलाच बगल देतो.

मग मोठ्या कंपनीचं गेट का चालतं? मला सापडलेलं उत्तर साधं आहे. तिथे तपासणी रोज होते, प्रत्येकाची होते, लगेच होते, आणि तिथे वाद घालून उपयोग नसतो. दंड मोठा आहे म्हणून ते चालत नाही. बेकारिया नावाच्या इटालियन विचारवंताने १७६४ मध्ये लिहून ठेवलंय की शिक्षा कडक असण्यापेक्षा ती चुकणार नाही ही खात्री जास्त काम करते. १९६७ मध्ये ब्रिटनने दारू पिऊन चालवणाऱ्यांसाठी फुंकणीची तपासणी आणली. सुरुवातीला मृत्यू झपाट्याने घटले. मग हळूहळू लोकांच्या लक्षात आलं की प्रत्यक्षात तपासणी फार क्वचित होते, आणि परिणाम ओसरला. रॉस नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने हे सगळं आकड्यांसकट मांडलंय. आपल्या हेल्मेटसक्तीच्या प्रत्येक खेपेचं हेच होतं. पंधरा दिवस चौकाचौकात पोलिस, मग गणपती येतात, मग निवडणूक येते, मग पोलिस दुसरीकडे जातात, आणि हेल्मेट कोपरात परत येतं. आपण मेंटॅलिटीला शिव्या देत बसतो, पण माणूस आपला साधा हिशोब करत असतो. गेटवर हिशोब एक निघतो, मोशीला दुसरा.

म्हणजे माणसाचा दोष नाही का? आहे ना. दादाने हेल्मेट घातलं नाही हा दादाचाच दोष, आणि तो स्वतःच ते सांगतो. पण दोष ठरवून वास परत येत नाही. मला आता "चूक कोणाची" ह्यापेक्षा "हेच उद्या परत होऊ नये म्हणून गेट कुठे बसवायचं" हा प्रश्न जास्त कामाचा वाटतो. कंपन्यांना तर सहज जमेल. गेटवर हेल्मेट तपासता, मग चार किलोमीटर अलीकडे तळेगाव चौकात महिन्यातून चार वेळा, न सांगता, आपलाच सेफ्टीवाला उभा करायला काय हरकत आहे? ट्रकवाल्यांनी डिझेलचा हिशोब ड्रायव्हरच्या खिशापासून तोडावा. कॅमेरे लावायचेच असतील तर थोडे पण कायम चालणारे लावावेत.

आणि आपण? मी स्वतःपुरती एक सोय केलीये. दादा घरी पडून होता तेव्हा त्याच्या मुलीने शोधलेली, मी नुसती चोरली. बाईकची किल्ली खुंटीवर ठेवायची नाही. ती हेल्मेटच्या आत, पट्ट्याला छोट्या हुकने अडकवायची. किल्ली हवी तर हेल्मेट हातात घ्यावंच लागतं, आणि हातात घेतलं की डोक्यावर जातं. उतरलो की किल्ली परत आत. तीन वर्षं झाली, कोपरात अडकवायची सवय गेली. ही सोय फसवता येत नाही का? येते, दोन सेकंदात येते. पण सकाळी साडेआठला घाईत असताना तेवढंही सुचत नाही, आणि मला तेवढंच पुरतं.

दादा परवा जेवायला आला होता. निघताना त्याने जिन्यातच हेल्मेट चढवलं, पार्किंगमध्ये नाही, जिन्यात. पट्टा लावताना म्हणाला, "अरे, तुझ्या बायकोने आज काय केलं होतं? लसूण जास्त होता का?"

मी म्हटलं, "हो, होता थोडा."

"वाटलंच," म्हणाला. "बराच वेळ चरचरत होतं."